फेसाच्या रकान्यातले तीनशे तीस लिटर

त्या गुरुवारी आपल्याला काय काय मिळायचं आहे, याची यादी कुलूपने मनातल्या मनात इतक्या वेळा केली होती की ती त्याला पाठ झाली होती. पहिलं, ब्रुअरीत चौथाई भागीदारी. दुसरं, भागीदाराची खुर्ची, जिला हात असतात. सध्याच्या स्टुलाला पाठसुद्धा नव्हती. आणि तिसरं, जे खरं तर पहिलंच, ते म्हणजे मान. अकरा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची ओळख "हा आमचा मेहुणा" अशी करून दिली जायची. त्यानंतर बोलणारा जरा थांबायचा आणि ऐकणारा समजून मान डोलवायचा. बहिणीच्या घरी राहणाऱ्या भावाबद्दल जगाला जेवढं समजायचं असतं, तेवढं त्या थांबण्यातच समजतं.

जायचं काय होतं? वरवर पाहता काहीच नाही. आणि ज्या व्यवहारात आपलं काहीच जात नाही असं वाटतं, तिथे माणसाने खिसे दोनदा चाचपावेत. कुलूपने ते केलं नाही.

त्याला कुलूप म्हणत कारण तळघराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत. ब्रुअरी लहानशीच. खाली तळघर, त्यावर उकळायची भांडी आणि बाटल्या भरायची खोली, आणि त्यावर घर. मालक म्हणजे त्याच्या ताईचे यजमान, दाजी. बियर दाजी बनवायचे, तिच्याविषयी बोलायचेही दाजीच, आणि हे दुसरं काम ते जास्त मन लावून करायचे. उरलेलं सगळं, म्हणजे मोजणं, नोंदणं, पुसणं आणि शोधणं, कुलूपकडे होतं.

साठ आठवड्यांपूर्वी दाजींनी एक ओकच्या लाकडाचं पिंप आणलं होतं. सव्वादोनशे लिटरचं. त्यात ब्रुअरीची नेहमीची ब्लाँड एल, म्हणजे फिकट सोनेरी, हलकी बियर, मुरायला घातली. ओकमध्ये मुरलेल्या एलला मोठ्या हॉटेलांत दुप्पट भाव येतो असं दाजींनी कुठेतरी वाचलं होतं. पिंप तळघरात मांडताना त्यांनी कुलूपच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे पिंप पास झालं ना, तर चौथाई तुझी. शब्द आहे माझा."

दाजींचा शब्द म्हणजे ताजी ओतलेली बियर. ओततेवेळी ग्लास काठोकाठ दिसतो, खरा आकडा जरा वेळाने कळतो. पण ज्याला अकरा वर्षं कोणी कसलाच शब्द दिलेला नसतो, तो फेसही पिऊन घेतो.

पिंपाचा नियम साधा होता. त्याला हात लावायचा नाही. लाकूड आतली एल थोडी थोडी पितं, बाकीची हवेत उडते, म्हणून दर शनिवारी कुलूपने वरचं बूच काढून शेजारच्या पोलादी टाकीतली ताजी एल पाव लिटर घालायची आणि पिंपाला टांगलेल्या पाटीवर लिहायची. पाटीवर दोन रकाने होते: 'घातले' आणि 'काढले'. काढले या रकान्यात साठ आठवडे खडू टेकला नव्हता.

आता खरं सांगायचं तर दर रविवारी सकाळी, घर झोपलेलं असताना, कुलूप खाली जाऊन एक ग्लास काढून प्यायचा. तीनशे मिलीलिटर. ज्या पिंपावर आपलं नशीब टांगलेलं आहे, त्याची तब्येत पाहायला नको? मग तो तेवढीच ताजी एल टाकीतून काढून नरसाळ्याने पिंपात घालायचा. पातळी जिथल्या तिथे. याला चोरी म्हणावं तर कोणाचं काही कमी झालं नव्हतं.

टाकीत कमी पडणारे तीनशे मिली तो वहीत 'फेस' या रकान्यात टाकायचा. बियरच्या धंद्यात फेस हा मोठा दयाळू रकाना असतो. गळलेलं, सांडलेलं, उडालेलं, सगळं तो पोटात घेतो. पण दर शनिवारी मापकाठी टाकीत बुडवली की फेसाचा आकडा कुलूपला वाटायचा त्याहून कितीतरी मोठा निघायचा. साठ आठवड्यांत तो तीनशे तीस लिटर झाला. इतका फेस समुद्राला येत नाही. कुलूपने तो मुकाट्याने लिहिला. ज्याचा स्वतःचा हात दुधात असतो, तो भांड्यात दुसऱ्या कोणाची बोटं आहेत का हे पाहायला वाकत नाही.

गुरुवारी अकराला खरेदीवाली बाई आली. एका हॉटेल कंपनीसाठी पेयं विकत घ्यायचं काम तिचं. पन्नाशीची, पायात सपाट बूट, आणि पिशवीत फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा ग्लास. दुसऱ्याच्या ग्लासला दुसऱ्याच्या साबणाचा वास असतो, असं तिने आल्याआल्या सांगितलं. ताईने सकाळपासून घासलेले सहा ग्लास ट्रेमध्ये तसेच राहिले.

सगळं घर तळघरात उतरलं होतं. दाजींचे वडील, ज्यांना सगळे थोरले म्हणत, ते कोट घालून एका उलट्या खोक्यावर बसले होते. ब्रुअरी मुळात त्यांनीच उभी केलेली. सात वर्षांपूर्वी ती त्यांनी मुलाला पिंप-टाकीसकट देऊन टाकली. पुढच्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांना बियर बंद केली, आणि तळघराचा जिना ताईने. माल उतरवायच्या झडपेपाशी गाडीवाला रेंगाळत होता. त्याची गाडी दहालाच भरून झाली होती, पण त्याला आज चाकातली हवा फार काळजीपूर्वक पाहायची होती.

दाजींनी तोटी सोडली. ग्लास भरला तशी त्यांची वाणीही सुटली. "पाहा, आधी मधाची चाहूल लागते, मग व्हॅनिला हळूच..."

"तुम्ही बोलू नका," बाई म्हणाली. "मला ऐकत ऐकत प्यायची सवय नाही."

तिने ग्लास उजेडाकडे धरला. रंग फिकट, कडेला जरासा गडद, जसा उन्हात राहिलेल्या कागदाला येतो. फेस पांढरा, बारीक, बसायची घाई नसलेला. तिने वास घेतला, ग्लास फिरवला, पुन्हा वास घेतला. मग एक घोट तोंडात धरून ती समोरच्या भिंतीवरच्या ओलीकडे इतका वेळ पाहत राहिली की दाजींनाही त्या ओलीत काहीतरी खास आहे असं वाटू लागलं.

कुलूप तिच्या गळ्याकडे पाहत होता. घोट उतरला. त्याची चौथाई त्याच्याबरोबर खाली गेली, आणि वर येते की नाही याची तो वाट पाहू लागला.

"हे बघा," बाई म्हणाली, "ओकमध्ये मुरलेली एल मी आठवड्याला चार ठिकाणी पिते. बहुतेक ठिकाणी दार चघळल्यासारखं वाटतं. लाकूड, लाकूड, आणि मागून पुन्हा लाकूड. बियर कुठे आहे ते विचारावं लागतं. ही तशी नाही. आधी ताज्या पावाची चव येते, जरा लिंबाची साल, आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना ओक लागतो. सुताराच्या दुकानावरून सायकलने गेल्यासारखा. वास आला, आणि माणूस पुढे गेला."

"तेच तर मी म्हणत होतो," दाजी म्हणाले.

"तुम्ही व्हॅनिला म्हणत होतात." बाईने ग्लास संपवला. तिच्या धंद्यात घोटभर पिऊन थुंकायची रीत असते, त्यामुळे संपवणं ही मोठीच गोष्ट होती. मग ती पिंपाजवळ गेली आणि चष्मा लावून पाटी वाचू लागली. "साठ आठवडे. घातले, पाव, पाव, पाव. आणि काढले, काहीच नाही?"

"थेंब नाही," दाजी छाती पुढे काढून म्हणाले. "आमच्याकडे शिस्त आहे."

"मग हे शक्य नाही."

दाजींची छाती जागच्या जागी परत गेली.

"साठ आठवडे कोणी न हलवलेली एल इतकी तरतरीत राहत नाही," बाई म्हणाली. "या पिंपातून कोणीतरी पितंय. आणि पिणारा प्रामाणिक आहे. जेवढं काढतो तेवढं ताजं घालतो. तुमच्या पिंपात मुरलेली आणि ताजी एल रोज गळ्यात गळा घालून बसली आहे, म्हणून ही चव आली."

सहाही घासलेले ग्लास ताईच्या हातातल्या ट्रेवर किणकिणले.

"कोण पितं हे मला नको," बाई ग्लास फडक्यात गुंडाळत म्हणाली. "किती पितं ते हवं. केव्हा किती काढलं आणि किती ताजं घातलं, सगळं लिहून द्या. सोमवारी येते. आकडे पटले तर अशी चाळीस पिंपं घेईन. कागद नसेल तर एकही नाही. एकदाच चुकून जमलेली चव मला विकता येत नाही."

ती गेली. दाजींनी वर स्वयंपाकघरात सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. गाडीवाल्यालाही. गाडीवाला म्हणाला की त्याला उशीर होतोय, आणि सगळ्यांत सोयीची खुर्ची ओढून बसला.

"कोण?" दाजींनी विचारलं.

"लाकूड," ताई म्हणाली. "लाकूड पितं असं तुम्हीच सांगता ना?"

"मला डॉक्टरांनी मनाई केली आहे," थोरले म्हणाले. हे अगदी खरं होतं आणि त्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता.

"माझ्याकडे तर किल्लीच नाही," गाडीवाला म्हणाला.

मग सगळ्यांच्या नजरा किल्ल्या ज्याच्या कमरेला होत्या त्याच्याकडे वळल्या. कुलूपने सदरा किल्ल्यांवरून खाली ओढला. कबूल करावं तर पहारेकरीच चोर ठरतो. न करावं तर कागद होत नाही, कागद नाही तर चाळीस पिंपं नाहीत, आणि पिंपं नाहीत तर चौथाई कशातली?

"कोणीच नाही? बरं." दाजी खुर्चीत मागे रेलले. "मग चाळीस पिंपं गेली." आणि एवढं बोलून ते गप्प झाले, जे त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते विचार करत होते. रोज सगळं बंद करून वर यायच्या आधी तेही एक छोटा ग्लास घ्यायचे आणि तेवढीच ताजी एल आत घालायचे. मालकाने घेतलं तर ते चाखणं, म्हणून त्यांनी ते पाटीवर कधी लिहिलं नव्हतं. रोज म्हणजे रोज, आणि त्यांच्या हिशोबाने त्यांच्याइतकं त्या पिंपातून कोणी घेणं शक्य नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"अरे, याला चोरी कोण म्हणतंय?" ते उठून उभे राहिले. "ही कारागिरी आहे! त्या बाईने काय सांगितलं? काढणं आणि घालणं, यातच सगळी कला. तेव्हा न्यायाने बोलतो. ज्याच्या हाताने ही चव आली, चौथाई त्याची."

"दाजी," कुलूप म्हणाला, "चौथाई माझी ठरली होती."

"पिंप पास झालं तर, असं म्हणालो होतो. ते कोणाच्या हाताने पास झालं तेच तर शोधतोय. उगाच मन छोटं करू नकोस."

आणि मग गंमत झाली. एक मिनिटापूर्वी ज्या टेबलाभोवती कोणी थेंब चाखला नव्हता, तिथे बियरचा पूर आला.

"मी सांगतो," दाजींनी सुरुवात केली. "मी रोज अर्धा लिटर घ्यायचो. म्हणजे दोनशे लिटर तरी झाले."

"अर्धा?" थोरले हसले. "मी रोज चार वाजता खाली जायचो. तुम्ही सगळे बाटल्या भरत असता तेव्हा. माझी जुनी किल्ली आहे माझ्याकडे, दारही मीच बसवलंय. पुरा एक लिटर. चारशे वीस दिवस, चारशे वीस लिटर."

"बाबा!" ताई ओरडली. "आणि मी तुमच्यासाठी बिनमिठाचं सूप करत होते!"

"त्याच्यावर उतारा म्हणून तर पीत होतो."

"मग माझंही ऐका," ताईने कमरेवर हात ठेवले. "हा आंघोळीला गेला की याच्या किल्ल्या इथे खिळ्याला असतात. दर शुक्रवारी माझ्या मैत्रिणी पत्ते खेळायला येतात, त्या काय पाणी पिऊन खेळतात? तीन तीन बाटल्या न्यायचे मी. एकशे ऐंशी लिटर. आणि घालताना नरसाळं पुसून घालायचे. चवीला स्वच्छताही लागते म्हटलं."

"झडप आतून नीट लागत नाही," गाडीवाला नम्रपणे म्हणाला. "दीडशे धरा."

दाजींनी कुलूपकडे पाहिलं. "आणि तू?"

"अठरा," कुलूप म्हणाला.

"दिवसाला?"

"साठ आठवड्यांत."

सगळे जण असे हसले की थोरल्यांना ठसका लागला. "किल्ली हातात असून अठरा!" गाडीवाला डोळे पुसत म्हणाला. "अहो, मी झडपेतून हात घालून दीडशे काढले!"

"याच्या हातून चोरीसुद्धा धड होत नाही," दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात खराखुरा कळवळा होता.

माणसाला चोर म्हटलेलं एकवेळ सोसतं, पण भुरटा म्हटलेलं नाही. कुलूप उठला, वही घेऊन आला आणि टेबलावर आपटली.

"दोनशे, चारशे वीस, एकशे ऐंशी, दीडशे आणि माझे अठरा. नऊशे अडुसष्ट लिटर. टाकीतून जास्तीत जास्त तीनशे तीस लिटर गेले. ही माझी मापकाठी आहे, ती कोणाची नातेवाईक नाही. मग उरलेले सहाशे अडतीस लिटर पिंपात काय घालत होतात? नळाचं पाणी?"

"मी पाणी घालीन?" दाजी लाल झाले. "माझ्या एलमध्ये?"

"नसेल घातलं, तर तेवढं प्यायलाही नाहीत."

ही मोठी कात्री होती. थापाडे म्हणवून घ्यायचं की पाणी घालणारे. ब्रुअरीतल्या माणसाला पाणी घालणारा म्हणणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांच्या तोंडावर थुंकणं. एकेक जण खाली पाहू लागला. चोरी कबूल करताना कोणाची मान खाली गेली नव्हती, ती आता चोरी कमी होती हे कबूल करताना गेली.

शुक्रवार आणि शनिवार कुलूप मोजमाप करत हिंडला. थोरल्यांचा बियर प्यायचा मग त्याने पाण्याने भरला आणि काचेच्या मापात ओतला. चारशे मिली.

"काठोकाठ भर की," थोरले म्हणाले.

"काठोकाठच आहे. एक लिटर कुठे बसतं यात?"

"मनाने प्यायलेलं लिटरभर होतं रे."

"मधे तुम्ही आठ दिवस तापाने पडला होतात. ते दिवस वजा करू?"

"खबरदार! तापात तर औषध म्हणून घेतली."

ताईच्या तीन बाटल्यांची, बऱ्याच वादानंतर, एक लिटरची एकच बाटली झाली. बाकीच्या दोन, तिचं म्हणणं पडलं, तिने आणायचं ठरवलं होतं. गाडीवाल्याचा फ्लास्क अर्ध्या लिटरचा निघाला, आठवड्याला एकदा. दाजींचा अर्धा लिटर म्हणजे शंभर मिलीचा चिमुकला ग्लास निघाला. दाजी म्हणाले, तो धुताना आटला असावा.

रविवारी दुपारी कुलूप खिडकीपाशी बसून बेरीज करू लागला. थोरले एकशे अडुसष्ट. ताई साठ. दाजी बेचाळीस. गाडीवाला तीस. आपण स्वतः अठरा. तीनशे अठरा झाले. उरले बारा, आणि एवढा खरा फेस कुठल्याही टाकीत उडतोच. साठ आठवडे वहीत कुबड काढून बसलेला तो तीनशे तीसचा आकडा अखेर सरळ झाला. लोकांना घरात पाळणा हलल्यावर जे सुख होतं, ते कुलूपला बेरीज जुळल्यावर व्हायचं. तो दोन मिनिटं कागदाकडे नुसता पाहत बसला.

ताई मागे येऊन उभी राहिली. "तुझ्या नावापुढे किती?"

"अठरा."

"शून्य दे एक शेवटी. एकशे ऐंशी."

"मग बेरीज जुळत नाही."

"तर बाबांचे कमी कर. त्यांना चौथाई काय करायची आहे? त्यांचं सगळं आमचंच आहे, आणि आमचं सगळं यांच्या नावावर. तुला मिळाली तर माझ्या माहेरचं काहीतरी राहील इथे. लिही."

कुलूपने पेन्सिल घेतली. खरंच सोपं होतं. स्वतःला एकशे बासष्ट वाढवले की थोरल्यांकडे सहा उरत होते. सहा लिटर, चारशे वीस दिवस, म्हणजे दिवसाला चौदा मिली. त्याच्या डोळ्यांपुढे थोरले आले. कोट घालून, किल्ली लपवून, काठी टेकत टेकत जिना उतरून ते रोज चार वाजता चमचाभर बियर पिऊन वर येताहेत. त्याला हसू फुटलं. पेन्सिल खाली राहिली.

"वेड्या," ताई म्हणाली, "देवाने डोकं दिलं ते फक्त बेरजेपुरतंच का रे?"

त्याच्या मनात वेगळंच होतं. त्याला वाटत होतं, हिशोब इतका देखणा झाला आहे की तो लावणाऱ्याला कोणी रिकाम्या हाताने पाठवणार नाही. चाळीस पिंपं या कागदावर उभी राहणार, आणि कागद कोणाचा? हिशोब लावणाऱ्यांचा हा फार जुना गैरसमज आहे. जेवण झाल्यावर वाढप्याला कोणी पहिला घास भरवत नाही.

सोमवारी तळघरात बाईने कागद दोनदा वाचला. "हे खरं आहे," ती म्हणाली. "खोटे आकडे गोल असतात. एकशे अडुसष्ट कोणी मनाने लिहीत नाही." मग तिने पेन पुढे केलं. "या पद्धतीची जबाबदारी घेणाऱ्या भागीदाराची सही हवी."

"मालक मीच," दाजी म्हणाले आणि हात पुढे केला.

"एक मिनिट," थोरले खोक्यावरून उठले. "गुरुवारी तू सगळ्यांसमोर काय म्हणालास? ज्याच्या हाताने चव आली, चौथाई त्याची. कागद वाच की. सगळ्यांत वर कोण आहे?"

"बाबा, ते बोलण्याच्या ओघात..."

"तुमच्याकडे बोलण्याच्या ओघात पद्धती बदलतात का?" बाईने पेन किंचित मागे घेतलं. "मला विचार करावा लागेल."

दाजींनी पेनाकडे पाहिलं, चाळीस पिंपांकडे पाहिलं, जी अजून आलीही नव्हती, आणि बापाकडे पाहिलं. "नाही नाही, शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. थोरल्यांनी मोठ्या झोकदार अक्षरात सही केली.

"आणि सूनबाई," ते पेन टोपणात घालत म्हणाले, "मी रोज चार वाजता खाली उतरलो नाही तर चव बिघडेल. तसं लिहून दिलंय आपण. डॉक्टरांना माझा नमस्कार सांग."

बाई गेल्यावर कुलूप त्यांच्याजवळ गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःसाठी काही मागत होता, त्यामुळे ते त्याला नीट मागताही आलं नाही.

"बाबा, तुम्हाला आता चौथाईचा काय उपयोग? म्हणजे, कागद तर मीच केला..."

"खरं आहे तुझं," थोरले म्हणाले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो प्रेमाचाच होता. "मनात आणलं असतंस तर माझे एकशे अडुसष्ट तू स्वतःच्या नावावर घेऊ शकला असतास. कोण तपासणार होतं? नाही घेतलेस. असा माणूस हिशोबाला सोन्यासारखा. पण भागीदार म्हणून? नको रे बाबा. उद्या कोणी येऊन विचारील, फेस किती, आणि तू सांगशील, बारा."

तेव्हा आता जमाखर्च मांडू, कारण चाळीस पिंपं तळघरात लागून दोन महिने झाले आहेत.

बाईने चाळीस पिंपांचे दाम मोजले. ते ती हॉटेलात बसणाऱ्यांकडून दुपटीने काढणार, तेव्हा तिचं काही गेलं नाही. दाजींनी चौथाई दिली ती जन्मदात्याला, आणि थोरल्यांना वारस एकच, तेव्हा दाजींची चौथाई गेली नाही, नुसती फिरायला गेली आहे. शिवाय पद्धतीप्रमाणे चाळीस पिंपांतून रोज तीस लिटर काढावी लागते. ती दाजी वेगळ्या बाटलीत भरून वेगळ्या नावाने विकतात, आणि तिच्याबद्दल बोलतात. थोरल्यांना चौथाई मिळाली, बियरचा मग मिळाला आणि जिना मिळाला. त्यांनी काहीच दिलं नाही. गाडीवाल्याची झडप नीट बसवून घेतली. त्याने दिला आठवड्याचा अर्धा लिटर. ताईची शुक्रवारची बाटली आता राजरोस वर येते, पण पत्त्यांचा डाव मोडला. मैत्रिणींचं म्हणणं, पूर्वीच्या एलला जी मजा होती ती हिला नाही. म्हणजे तिने दिले शुक्रवार.

राहिला कुलूप. रोज चार वाजता तो चाळीस बुचं काढतो. थोरल्यांचे चारशे मिली, दाजींचे शंभर, शुक्रवारी ताईचा लिटर, आठवड्याला एकदा गाडीवाल्याचा अर्धा लिटर, ज्याच्या त्याच्या सवयीने काढतो, तेवढंच ताजं घालतो आणि चाळीस पाट्यांवर लिहितो. रविवारी सकाळी स्वतःच्या नावचे तीनशे मिलीही तो चाळीस वेळा काढतो. ते बारा लिटर होतात, आणि ते विक्रीचे असल्यामुळे त्यातला घोटही त्याला घेता येत नाही. ही एल प्यायले पाच जण, आणि किंमत दिली ती बहुतेक सगळी त्याने. त्याची चौथाई गेली, आणि जिच्यामुळे गेली ती बेरीज त्यानेच, दोनदा तपासून, बरोबर काढली होती.